अर्ज बिनचूक, तरी डिपॉझिट जप्त

पुण्यात विधानसभेच्या यादीत एका ठरावीक साच्याचा उमेदवार दिसतोच. वीस-पंचवीस वर्षं मोठ्या कंपनीत, शेवटचं पद डायरेक्टर किंवा व्हाइस प्रेसिडेंट, घर बाणेरला नाहीतर खराडीला, आणि ट्रॅफिक, कचरा, टँकर या तीन विषयांवर तयार प्रेझेंटेशन. मतमोजणीच्या पहिल्या चार-पाच फेऱ्यांतच त्याचं गणित संपतं. मग सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला निष्कर्ष येतो की चांगल्या माणसाला लोक मत देत नाहीत. मला हे पटत नाही. हा माणूस प्रचारात पडत नाही. तो मतदारयादीत आणि बूथवर पडतो, आणि तेही अर्ज भरायच्या कितीतरी आधी.

कागदपत्रांत ही मंडळी सहसा चुकत नाहीत. वय २५ पूर्ण हवं आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघात मतदार म्हणून नाव हवं. वाकडला राहून कोथरूडमधून लढता येतं, फक्त आपल्या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. अर्ज नमुना २ब मध्ये, शपथपत्र नमुना २६ मध्ये, अनामत १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. मान्यताप्राप्त पक्षाचे ए-बी फॉर्म, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवार म्हणून दिलेली पत्रं असतील तर एक सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) पुरतो. अपक्षाला किंवा मान्यता नसलेल्या नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार.

पहिला दणका इथेच बसतो. सूचक म्हणून ऑफिसातले सहकारी आणि ट्रेकिंग ग्रुपवाले गृहीत धरलेले असतात. यादी उघडली की कळतं, तिघांची नावं अजून गावाकडे आहेत आणि दोघे शेजारच्या मतदारसंघात मोडतात. सूचकाचा यादी भाग क्रमांक किंवा अनुक्रमांक चुकला तर छाननीत त्यावरून रण माजतं. एका मतदारसंघात चार अर्ज भरायची मुभा आहे आणि अनामत मात्र एकदाच भरायची असते. तेव्हा वेगवेगळ्या दहा-दहा सूचकांचे किमान दोन संच भरून मोकळं व्हावं.

शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. लागू नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहायचं. स्वतःचं, जोडीदाराचं, अविभक्त कुटुंबाचं आणि अवलंबितांचं पाच वर्षांचं उत्पन्न द्यावं लागतं. सूचीबद्ध कंपनीचे शेअर बाजारभावाने, बाकीचे पुस्तकी किमतीने. परदेशातली खाती आणि गुंतवणूकही त्यातच येते, आणि परदेशी मुख्यालयाच्या कंपनीत नोकरी केलेल्यांची गडबड नेमकी इथेच होते. हे शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर चढतं आणि त्यातला कोटींचा आकडा लगेच व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतो. 'मी तुमच्यासारखाच सामान्य नोकरदार' हे वाक्य पत्रकावर छापण्याआधी तो आकडा एकदा आठवावा.

दोन अपात्रता धंदा-नोकरीवाल्यांनी वकिलाकडून आधीच तपासून घ्याव्यात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९अ नुसार राज्य सरकारला माल पुरवण्याचं किंवा सरकारी काम करण्याचं स्वतःच्या धंद्यातलं कंत्राट चालू असेल तर विधानसभा लढवता येत नाही. कलम १० नुसार ज्या कंपनीत सरकारचा हिस्सा २५ टक्के किंवा जास्त आहे तिचा मॅनेजर किंवा सेक्रेटरीही अपात्र ठरतो. शिवाय अर्ज दिल्यानंतर, पण छाननीचा दिवस उजाडण्याआधी, शपथ घ्यावी लागते. ही गोष्ट दरवेळी कुणीतरी विसरतंच.

आता खरी अडचण. माणूस हिंजवडीत काम करतो, पण हिंजवडी मुळशी तालुक्यातली, म्हणजे भोर मतदारसंघ. टीममधले लोक वाकडला राहतात, तो झाला चिंचवड. बाणेर-बालेवाडी कोथरूडमध्ये, पण औंध शिवाजीनगरमध्ये. मगरपट्टा हडपसरमध्ये, खराडी आणि विमाननगर वडगाव शेरीत, धायरी-वारजे खडकवासल्यात. मोबाइलमध्ये तीन हजार नंबर असतील, पण ते सात-आठ मतदारसंघांत विखुरलेले. याउलट एखाद्या माजी नगरसेवकाचे पाचशे नंबर चार गल्ल्यांतले असतात, आणि त्या प्रत्येक घरात किती मतं आहेत हेही त्याला तोंडपाठ असतं. पुणे महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासक होता. तरी २०२४ च्या विधानसभेला ड्रेनेज तुंबलं की लोक फोन करत होते तो माजी नगरसेवकालाच.

त्यातून या उमेदवाराचा हक्काचा मतदार यादीतच नसतो. समजा ४०० फ्लॅटची सोसायटी आहे आणि त्यात हजार प्रौढ राहतात. भाडेकरूंची नावं नांदेडला, साताऱ्याला किंवा थेट दुसऱ्या राज्यात. मालकांपैकी काहींची अजून जुन्या पेठेतल्या पत्त्यावर. हजारातली साडेचारशे नावं इथल्या यादीत सापडली तरी नशीब. त्यातले निम्मे मतदानाला गेले तर सव्वादोनशे, आणि त्यातले निम्मे मिळाले तर शंभर-सव्वाशे मतं. क्लबहाउसमधल्या सभेत टाळ्या वाजवणाऱ्या साठ जणांपैकी किती जण मतदार होते, हे कुणी विचारलेलंच नसतं. वस्तीत हेच गणित उलटं चालतं, कारण तिथली नावं बहुतेक तिथेच असतात आणि दुपारी तीननंतर कोण उरलंय ते बघून घराघरांतून माणसं बाहेर काढणारी पोरं असतात.

यादीचं काम मतदानाच्या वर्षभर आधीचं. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलायला नमुना ८. कायद्याने अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत नाव चढू शकतं, पण हरकतींसाठी मुदत ठेवावी लागते, त्यामुळे दार दहा दिवस आधीच बंद होतं. २०२४ ला निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला आणि अर्जाचा शेवटचा दिवस होता २९ ऑक्टोबर. म्हणजे घोषणेनंतर नोंदणीला हातात आले जेमतेम चार दिवस. आचारसंहिता लागल्यावर 'चला, सोसायटीत नोंदणी शिबिर घेऊ' म्हणणारा उमेदवार तिथेच हरलेला असतो. शिबिर गणपतीच्याही आधी, सोसायटीच्या सेक्रेटरीला धरून घ्यायचं. प्रत्येक विंगला एक माणूस नेमायचा आणि भरलेल्या फॉर्मचा संदर्भ क्रमांक वहीत उतरवून नाव खरोखर चढलं का ते महिन्याने तपासायचं. निम्मे फॉर्म राहत्या पत्त्याच्या पुराव्यावर अडतात, कारण भाडेकरार संपलेला असतो.

प्रचाराचा वेळ तर बघा. २०२४ च्या वेळापत्रकात २९ ऑक्टोबरला धनत्रयोदशी होती, ३० ला छाननी, मग लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, आणि ४ नोव्हेंबरला माघारीचा शेवटचा दिवस. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीनंतर. २० तारखेला मतदान, त्याआधी ४८ तास प्रचार बंद, म्हणजे १८ च्या संध्याकाळपर्यंत चिन्ह घराघरांत पोचवायला अपक्षाला मिळाले १४ दिवस. त्यातले पहिले तीन-चार छपाईत जातात. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं छापायलाच लागतात, ती नसली तर गठ्ठाच जप्त होतो. यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष असा क्रम असतो. एका बॅलट युनिटवर नोटा धरून १६ बटणं, त्यामुळे उमेदवार जास्त झाले की आपलं नाव दुसऱ्या युनिटवर जातं. म्हणून पत्रकावर चिन्हाबरोबर अनुक्रमांकही मोठा छापावा.

पैशाकडे वळू, कारण इथे साहेबांचा आत्मविश्वास सगळ्यात जास्त असतो. विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे. साडेतीन लाख मतदारांचा मतदारसंघ धरला तर मतदारामागे साडेअकरा रुपये पडतात. चिंचवडसारख्या साडेसहा लाखांच्या वरच्या मतदारसंघात सहाच. अर्जाच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं उघडायचं आणि सगळा खर्च त्यातून करायचा. एका व्यक्तीला किंवा संस्थेला संपूर्ण निवडणुकीत रोखीने १० हजारांपेक्षा जास्त देता येत नाहीत. खुर्ची, मांडव, वडापाव, रिक्षा, सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात, आणि मित्राने फुकट दिलेली गाडीसुद्धा त्या दराने तुमच्या हिशेबात चढते. कंपनीतले सहकारी कंपनीचा प्रिंटर, कंपनीचं डिझाइन सॉफ्टवेअर वापरून मदत करतात. ते खर्चात पकडता येतं, आणि कंपनीच्या एचआरचा मेल येतो तो वेगळाच.

या पैशातला मोठा वाटा सोशल मीडियावर जातो. बाणेर केंद्र धरून पाच किलोमीटरची जाहिरात लावली की ती औंधला दिसते, वाकडला दिसते, हिंजवडीतही दिसते, आणि तिथलं एकही मत तुमचं नाही. वर जाहिरात माध्यम प्रमाणन समितीकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते, प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करून. रील्सना लाखभर व्ह्यूज मिळतात आणि उमेदवाराला वाटतं हवा झाली.

उरतो बूथ. साडेतीन लाख मतदारांना साधारण साडेतीनशे बूथ धरा. प्रत्येक बूथवर एक पोलिंग एजंट आणि एक बदली माणूस, शिवाय बाहेर १०० मीटरपलीकडे टेबलावर दोघं. म्हणजे चौदाशे माणसं, त्यातले एजंट मतदारसंघातलेच मतदार. मतदान सकाळी सातला, पण त्याआधी दीड तास यंत्र तपासायला अभिरूप (चाचणी) मतदान होतं, किमान ५० मतांचं, त्यामुळे एजंट साडेपाचला केंद्रावर हवा. 'मी आठपर्यंत येतो, मुलाला सोडून' म्हणणारा स्वयंसेवक या कामाचा नाही. ओळखीबद्दल शंका आली तर २ रुपये भरून मताला आक्षेप घेता येतो, पण त्यासाठी एजंटला गल्लीतले चेहरे ओळखीचे हवेत. संध्याकाळी नमुना १७सी ची, म्हणजे त्या केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाची प्रत केंद्राध्यक्षाची सही घेऊन हातात आल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. कंपनीतून आलेल्या उमेदवाराची टीम साठ-सत्तर बूथ भरते आणि बाकीच्या ठिकाणी त्याचं टेबलच लागत नाही. टेबल दिसलं नाही की काठावरचा मतदार धरून चालतो की हा शर्यतीत नाही.

यात माणसाच्या लायकीचा प्रश्न कमी आणि मुरण्याचा जास्त आहे. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी २०१४ ला बंगळूर दक्षिणमधून लोकसभेला काँग्रेससारख्या पक्षाच्या तिकिटावर उभे होते, तरी सुमारे २ लाख २८ हजारांनी पडले. बँकर मीरा सन्याल दक्षिण मुंबईतून २००९ ला अपक्ष आणि २०१४ ला आम आदमी पक्षाकडून लढल्या, दोन्ही वेळा अनामत गेली. उलट फेब्रुवारी २०२३ च्या कसबा पोटनिवडणुकीत भाजपचा बालेकिल्ला फोडला तो वर्षानुवर्षं नगरसेवक म्हणून गल्लीबोळ फिरलेल्या रवींद्र धंगेकरांनी. पुढच्याच वर्षी हेमंत रासनेंनी त्यांना हरवलं, आणि तेही तिथलेच माजी नगरसेवक.

अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशपेक्षा जास्त मतं लागतात. दोन लाख वैध मतं पडली तर ३३ हजार ३३४. नोटाची मतं यात धरत नाहीत.

ज्यांना हे सगळं झेपणारं नाही ते 'पदवीधर बरं' म्हणून विधान परिषदेकडे वळतात. फक्त पदवीधर मत देतात अशा पुणे पदवीधर मतदारसंघात येतात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे, आणि यादी दर निवडणुकीला नव्याने बनते. १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख, तिच्या किमान तीन वर्षं आधी पदवी झालेली हवी, फॉर्म नमुना १८. मागच्या वेळी नाव होतं म्हणून यावेळी असेलच असं नाही. ज्याने जास्त फॉर्म भरून घेतले त्याची निम्मी निवडणूक तिथेच होते, आणि ते फॉर्म शिक्षणसंस्था, साखर कारखाने आणि सहकारी बँकांचं जाळं असलेले लोक भरून घेतात. आयटी पार्कातला पदवीधर बहुतेक वेळा नोंदणीच करत नाही.

पडल्यावरही एक काम उरतं आणि ते चुकवू नये. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा संपूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, व्हाउचर, बँक स्टेटमेंट आणि शपथपत्रासह. शून्य खर्च असेल तरी द्यायचा. तो दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मांडववाल्याचं आणि प्रिंटरचं बिल निकालाच्या दुसऱ्या दिवशीच मागून घ्यावं. पडलेल्या उमेदवाराला महिनाभराने बिल देण्याची घाई कुणालाच नसते.