एलिफंट बीचला चालत जायचं, तर आधी भरतीची वेळ बघा

"अर्ध्या तासाची सपाट वाट आहे, चपलेवर जा," असं लॉजवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. बोटवाले माणशी हजाराच्या वर मागत होते, म्हणून अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या (आताचं स्वराज द्वीप) एलिफंट बीचला आम्ही दोघं चालत निघालो. पैसे वाचले. पण लॉजवाल्याने भरतीचं अवाक्षर काढलं नव्हतं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

जेटीवरून राधानगर किनाऱ्याला जाणारी बस वाटेच्या तोंडाशी सोडते. सुरुवातीला दाट जंगल, गर्द सावली, पायाखाली ओली माती. इथवर कुणालाही जमेल. किनारा जवळ आला की खारफुटी लागते आणि वाट संपते. नुसता चिखल, आणि त्यातून वर आलेली बोटभर उंचीची मुळं. माझी चप्पल रुतली, ओढली तर पट्टाच हातात आला. पुढे अनवाणी. चिखलाखालची मुळं दिसत नाहीत, थेट तळव्यात घुसतात. मागे पट्टा असलेले, जाड तळाचे सँडल किंवा जुने बूट घालूनच जा.

जाताना पाणी घोट्यापर्यंत होतं. किनाऱ्यावर तीन तास रमलो आणि परत फिरलो, तर तेच पाणी कमरेला. बॅग डोक्यावर, फोन दातात धरलेल्या पिशवीत, पाय चाचपडत टाकायचा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत; 2010 साली याच बेटावर मगरीने एका पर्यटक महिलेचा जीव घेतला होता. गढूळ पाण्यात उभं असताना हे आठवलं आणि बायकोचा हात मी खारफुटी संपेपर्यंत सोडला नाही.

तेव्हा निघण्याआधी पोर्ट ब्लेअरचं (आताचं श्री विजयपुरम) भरतीचं वेळापत्रक बघा. कोकणातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब (तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ) तिथे चालत नाही, वेळा वेगळ्या आहेत. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालच्या माणसाने सांगितलेली वेळ आज धरू नका. ओहोटी लागलेली असताना जा, पाणी चढायच्या आत खारफुटी ओलांडून परत या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात चालत जाऊच नका, सरळ बोटीचे पैसे मोजा. वाट चालू आहे का, हे वनखात्याच्या माणसाला विचारा. बोटीचं तिकीट विकणाऱ्याला विचारलंत तर ती कायम बंदच असते. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि जंगलात त्याआधीच अंधारतं, म्हणून तीनच्या पुढे किनाऱ्यावर थांबू नका.

स्वतःचा स्नॉर्केलिंगचा मास्क घरून न्या, तिथे भाड्याला लागत राहणारे पैसे वाचतात. पोवळ्यांवर मात्र उभं राहू नका.



हॅवलॉकला येणाऱ्या बोटीचं म्हणाल तर सरकारी बोटच घ्या. पोर्ट ब्लेअरहून अडीच तास लागतात, खासगीला दीड. पण तिकिटातला फरक मोठा आहे. "सरकारी फुल आहे" असं एजंटाने आम्हालाही सांगितलं होतं. ओळखपत्राची प्रत घेऊन सकाळी फिनिक्स बे जेटीच्या खिडकीवर रांगेत उभा राहिलो, दोन्ही तिकिटं मिळाली. परतीचंही त्याच वेळी मागून घ्या.