कॅसलरॉक ते दूधसागर: पैसे भरण्याआधी हे वाचा

कर्नाटक-गोवा सीमेवरच्या कॅसलरॉक स्टेशनहून दूधसागर धबधब्याचा ट्रेक कुणी विकत असेल तर पैसे देऊ नका. आम्ही दिले, माणशी 2,200, रेल्वेचं तिकीट वेगळं. 'जंगलवाट, परवानगीसह' असं आयोजकाने लिहून कळवलं होतं. प्रत्यक्षात चौदा-एक किलोमीटर रुळांवरून चालायचं होतं, आणि त्याला बंदी आहे.

पहाटे धो धो पावसात उतरलो. फलाटाच्या गोव्याकडच्या टोकाला रेल्वे पोलीस उभे. पोलिसांनी परवानगी मागितली, तेव्हा आयोजकाच्या माणसाने आमच्या नावांची यादी पुढे केली. बस, तेवढाच कागद! रेल्वेच्या हद्दीत विनापरवानगी शिरल्याचं, रेल्वे कायद्याचं कलम 147 लागलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आम्हाला समज देऊन सोडलं, हे त्यांचे उपकार.

चार तासांनी घाटाखालच्या, गोव्यातल्या कुळ्याची तिकिटं काढून खाली जाणाऱ्या गाडीत बसलो. तोवर माझाही राग पोलिसांवरच होता. पहिल्या बोगद्यात तो गेला. भिंत खिडकीपासून हातभर, खाली ओली खडी, 37 फुटांना एक फूट असा उतार. आत असताना समोरून गाडी आली तर अंग चोरायला जेमतेम जागा. पावसाच्या आणि धबधब्याच्या आवाजात गाडीची चाहूलही लागणार नाही. असे बोगदे एकामागून एक येतात. आमच्यात दोन कॉलेजची पोरं होती, त्यांना घेऊन आम्ही यातून चालणार होतो.

मग पूल आला. 310 मीटरवरून कोसळणारं पाणी, तुषार थेट डब्यात. सगळे ओरडत होतो. रात्रभराचा शीण गेला.

तेव्हा जायचंच तर पावसाळ्यात गाडीने जा, दिवसाउजेडी घाट उतरणारी बघा. दूधसागरला गाडी रेंगाळली तरी उतरू नका. धबधब्याच्या पायथ्याशी जायचं असेल तर पावसाळा सरल्यावर कुळ्याहून, अभयारण्यातून जीप जातात; वाट उघडली का ते गोव्याच्या वनखात्याकडे आधी विचारा. आयोजक परवानगी आहे म्हणाला तर कागदाचा फोटो मागा, आणि तो बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

2,200 पैकी 600 परत मिळाले. उरलेल्यांसाठी रोज फोन करतोय.