ब्रेक सोडेना, त्याचं कारण 2.6 मिलिमीटर

माझ्या जीपचा ब्रेक का जाम होतो ते सापडलं एकदाचं! काल संध्याकाळी मास्टर सिलिंडरच्या (पॅडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) ऑइलच्या डब्यात टॉर्च मारून बघत होतो. भाच्यानं पॅडलवर हळूच पाय ठेवला आणि ऑइलच्या तळातून करंगळीच्या नखाएवढं कारंजं वर आलं. तीन आठवडे मी याचीच वाट बघत होतो. सगळं सविस्तर लिहितो, कारण जुन्या जीपला बूस्टर (व्हॅक्यूमनं पॅडलचा जोर वाढवणारा भाग) बसवायच्या तयारीत असलेले आपल्यात निदान चौघे आहेत.

मागच्या नोंदीत बूस्टर बसल्याचं लिहिलं होतं. गाडी तीच, 88 ची महिंद्रा एमएम 540 जीप, चारी चाकांना ड्रम ब्रेक, एकेरी सर्किटचा मास्टर, म्हणजे चारी चाकांना मिळून ऑइलची एकच लाइन. किट कोल्हापूरहून आणला होता. त्यात बूस्टर, ब्रॅकेट, पॅडलकडचा रॉड आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आला. व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरचा, कारण डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून बूस्टरला पुरेल असा व्हॅक्यूम मिळत नाही. गेजवर पाऱ्याचे 25 इंच येतात. गोव्याकडच्या एकानं त्याच्या गाडीला 27 येतात म्हणून माझा पंप कमजोर ठरवला होता. त्याच्यासाठी सांगतो: बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, इथं हवेचाच दाब साधारण सव्वासत्तावीस इंच. त्यातले 25 ओढणारा पंप चांगलाच म्हणायचा.

बसवल्यावर पहिले दोन दिवस गावातल्या गावात फिरलो. पॅडल लोण्यासारखं. पूर्वी गोगटे सर्कलला सिग्नलवर थांबायचं म्हणजे कंबरेतून जोर लावायला लागायचा, आता नुसता अंगठा टेकला तरी गाडी बसत होती.

मग रविवारी गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाकडं निघालो. पिरनवाडी, किणयेपर्यंत काही नाही. जांबोटी सोडल्यावर गाडी जड वाटायला लागली. चौथ्यात ओढेना म्हणून तिसरा टाकला. पॅडल वर आलं होतं आणि दगडासारखं घट्ट. थोड्या वेळानं उतारावर न्यूट्रल करून बघितलं, तर गाडी जागच्या जागी उभी. चारी चाकांतून ब्रेकचं लायनर जळाल्याचा वास. मागनं भाजीचा टेम्पो येत होता, गोव्याला जाणारा. ड्रायव्हर उतरला, चाकाजवळ हात नेऊन बघितला आणि म्हणाला, "ब्रेक बिडवल्दु नोड्री, अण्णा." ब्रेक सोडत नाहीय, हे मलाही कळत होतं. पण पुढं तो मराठीत जे बोलला ते मी त्या वेळी कानाआड केलं: "पाठीमागची लाइट जांबोटीपासनं जळायलीय की तुमची."

मला वाटलं, वायरिंग. नवा बूस्टर बसवताना कुठंतरी वायर दाबली गेली असेल. पण माझ्या जीपचा ब्रेकलाइटचा स्विच पॅडलवर नाही, तो ब्रेकच्या पाइपलाइनवर आहे आणि ऑइलच्या दाबानं चालतो. पाय काढल्यावरही दिवा जळतोय याचा अर्थ लाइनमध्ये दाब अडकून बसलाय. एवढी सरळ खूण समोर होती. ती वाचली असती तर पुढचे तीन आठवडे वाचले असते.

तासभर झाडाखाली थांबलो. गार झाल्यावर ब्रेक आपोआप सुटला, दिवाही विझला. पुढचं कणकुंबी राहिलं, हळूहळू परत आलो.

पुढं काय काय केलं ते पटकन सांगतो. आधी चारी चाकांचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) ढिले केले. फरक एवढाच की जाम व्हायला थोडा उशीर लागायला लागला. मग आतून बंद झालेल्या होजचा संशय आला. जुना रबरी पाइप आतून फुगला की ऑइल जातं पण परत येत नाही, हे खरंच होतं. म्हणून तिन्ही होज बदलले. फरक शून्य. मग कपचा संशय. ब्रेक ऑइलच्या जागी चुकून कुणी इंजिन किंवा स्टीअरिंगचं ऑइल घातलं तर मास्टरमधले रबरी कप फुगतात आणि बारीक भोक झाकून टाकतात. मास्टर उघडला तर कप एकदम व्यवस्थित. तरी बोअरमध्ये एक चरा दिसला म्हणून नवा मास्टर घेतला. नवा बसवून मच्छेपर्यंत गेलो आणि परत येताना तेच. घट्ट पॅडल, लाल दिवा.

त्या दिवशी खरंच रडकुंडीला आलो. इन्फ्रारेड गन लावून बघितलं: पुढचे ड्रम 168 आणि 161 अंश, मागचे 132 आणि 127.

आमच्या अनगोळच्या गल्लीत एक मामा आहेत. उद्यमबागेत आयुष्यभर टर्नर म्हणून काम करून निवृत्त झालेले. ते आकडे बघून म्हणाले, "चारीबी चाकं तापल्यात. मग चाकात काय हुडकायलास गा? दाब कुठं अडकलाय ते बघ आधी. पार्ट काय पळून जात न्हाईत."

त्यांनी सांगितलेल्या क्रमानंच दुसऱ्या दिवशी सगळं केलं. पुन्हा मच्छेपर्यंत जाऊन गाडी मुद्दाम जाम करून आणली, चाकांना दगड लावले आणि गरम असतानाच कामाला लागलो.

पहिलं, पुढच्या डाव्या चाकाचं एअर काढायचं निप्पल अर्धा आटा सोडलं. पारदर्शक नळी लावून बाटलीत धरली होती, डोळ्यांवर चष्मा होता. हे दोन्ही कराच, गरम ऑइल पिचकारीसारखं येतं आणि रंगावर पडलं तर रंग उचलतं. एक धार सपकन आली आणि चारी चाकं सुटली. यातून दोन गोष्टी कळल्या. जाम होण्याचं कारण दाब आहे, म्हणजे शू, स्प्रिंग, व्हील सिलिंडर ठीक. आणि एका निप्पलवर चारी चाकं सुटली म्हणजे होज मोकळे आहेत. होज अडकला असता तर चारी चाकं एकदम सुटली नसती. तिन्ही होज मी उगाच बदलले होते.

दुसरं, पुन्हा गाडी तापवून आणली आणि इंजिन बंद करून बूस्टरची व्हॅक्यूम नळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसकट काढली. काहीच झालं नाही. बूस्टरचा व्हॉल्व्ह अडकून तो स्वतःच ब्रेक दाबत असता तर इथं सुटायला हवा होता. तशीही बूस्टरची नेहमीची तपासणी तो पास झाला होता: इंजिन बंद ठेवून पॅडल चारपाच वेळा मारायचं, घट्ट झाल्यावर पाय तसाच ठेवून चावी मारायची, पॅडल थोडं खाली बसायला हवं. बसत होतं.

तिसरं, मास्टर ज्या दोन नटांनी बूस्टरला बसतो ते 13 च्या पान्यानं तीन तीन आटे सैल केले. टक् असा आवाज आला, मास्टर स्वतःच तीनेक मिलिमीटर पुढं सरकला. मामा मागं दिव्याकडं बघत उभे होते. तिथूनच ओरडले, "विझली!"

म्हणजे बूस्टरमधून येणारा पुशरॉड लांब आहे आणि मास्टरचा पिस्टन विश्रांतीच्या जागेवरही थोडा दाबून धरतोय. मास्टरमध्ये कपच्या अगदी पुढं एक सुईएवढं भोक असतं, कॉम्पेन्सेटिंग पोर्ट. पाय सोडल्यावर कप त्याच्या मागं यायलाच हवा, म्हणजे गरम होऊन फुगलेलं ऑइल तिथून वर डब्यात जातं. माझा कप त्या भोकावरच बसून राहत होता. गार असताना काही कळत नाही, एअर काढतानाही कळत नाही, कारण परत येताना ऑइल कपच्या ओठांवरून आत शिरतं. दोनचार ब्रेक मारले की ऑइल तापतं, फुगतं, जायला वाट नाही, शू ड्रमला टेकतात, अजून तापतं. नवा मास्टर त्याच रॉडवर बसवल्यावर तोही तसाच वागणार होता.

आता मोजायचं कसं? आत डोळा जात नाही, फिलर गेज जात नाही. यासाठी आईकडून कणकेचा गोळा घेतला. आधी ज्वारीच्या पिठाचा करून बघितला होता, तो दाबला की तडे जातात. तेल लावून मळलेली चपातीची कणीकच हवी. रॉडच्या टोकावर सुपारीएवढी लावली, मास्टर बसवून नट पूर्ण आवळले, पुन्हा काढला. कणकेच्या मधोमध गोल भोक आणि त्यातून रॉडचं चकचकीत टोक दिसत होतं. फट शून्य. पण शून्याच्या किती खाली, ते यातून कळत नाही. म्हणून मास्टर आणि बूस्टरच्या मध्ये प्रत्येक बोल्टवर दीड मिलिमीटरचे दोन वॉशर टाकले, म्हणजे 3 मिलिमीटर अंतर, आणि पुन्हा कणीक. या वेळी मध्ये पातळ पापुद्रा राहिला. व्हर्नियरनं 1.2. याचा अर्थ रॉड मुळात 1.8 मिलिमीटर आत घुसत होता.

वॉशर तसेच ठेवून फिरून आलो. ब्रेक एकदाही धरला नाही! घरी येईपर्यंत आनंदात होतो, आणि गेटसमोर आयडलिंगला बारीक फुसफुस ऐकू आली. गेज 17 इंचांवर. मास्टरच्या नाकावरची रबरी ओ-रिंग बूस्टरच्या तोंडात बसून व्हॅक्यूम अडवते, ती 3 मिलिमीटर बाहेर आल्यावर हवा ओढायला लागली. इंटरनेटवर अनेक जण वॉशर लावून गाडी चालवा म्हणतात. माझं स्पष्ट मत, वॉशर फक्त तपासणीपुरते. इंजिन बंद पडल्यावर बूस्टरमध्ये दोनचार ब्रेकपुरता व्हॅक्यूम शिल्लक राहायला हवा, आणि घाटात तोच आपल्याला थांबवतो. तो गळका ठेवून चालत नाही.

तेव्हा रॉडच कापायचा. 1.8 तर काढायचेच, वर 0.8 ची फट हवी, मिळून 2.6. मामांच्या ओळखीच्या लेथवर उद्यमबागेत नेला. असलं बारकं काम मनापासून करणारे टर्नर इथं अजून आहेत याचा मला फार अभिमान वाटतो. त्यांनी 2.6 काढून टोकाला पूर्वीसारखी गोलाई दिली, पॉलिश पेपर मारला, मायक्रोमीटर लावून मला दाखवला आणि चहाचेही पैसे घेतले नाहीत. बसवून कणीक लावली: 0.9. व्हॅक्यूम आल्यावर बूस्टरचा पत्रा थोडा आत ओढला जातो आणि फट अजून कमी होते, त्यामुळे हा जास्तीचा दशांश राहू दिला. आणि मग ते कारंजं. झाकण काढून पॅडल हळू दाबलं की पहिल्या क्षणी, कप भोक झाकायच्या आधी, थोडं ऑइल वर उसळतं. नाही उसळलं तर भोक बंद. ही तपासणी फुकट आणि एका मिनिटाची आहे. बूस्टर बसवल्या दिवशीच करा.

किटबद्दलही सांगतो. बूस्टर चांगला आहे, ब्रॅकेटची वेल्डिंग चांगली आहे. पण रॉडला अ‍ॅडजस्टमेंट नाही आणि सोबतच्या कागदावर फटीचा उल्लेखसुद्धा नाही. मास्टर वेगवेगळ्या बनावटीचे येतात, रॉडचं टोक जिथं टेकतं तो पिस्टनचा खड्डा कमीजास्त खोल असतो, एकच लांबी सगळ्यांना बसणार कशी? किटवाल्याला फोन केला तर म्हणाला, तुमचे शू टाइट असतील. ब्रेकचं सामान विकणाऱ्यानं असं बोलू नये, एवढंच म्हणतो. पाइपच्या नटांसाठी ब्रेक पाइपचा खास पाना घ्या, साध्या तोंडाच्या पान्यानं एक नट गोल झाला माझा. आणि ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्यानं पुसा.

आज पहाटे चोर्ला. या वेळी थेट गोव्यातल्या केरीपर्यंत उतरलो, अंजुण्याच्या धरणाजवळ थांबलो. भाचा मागं बसून दिव्याचं प्रतिबिंब पडतंय का बघत होता. पाय काढला की दरवेळी विझला. धरणाजवळच्या सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून मी एकट्यानं खांद्यानं गाडी ढकलली, तर सरकली. वर येताना कणकुंबीला चहा घेतला.

पुढचा बेत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचा होता. हे लिहिता लिहिता तो बदलतोय. बूस्टरमुळे लाइनमध्ये दाब पूर्वीपेक्षा जास्त जातो आणि सर्किट अजून एकेरीच आहे. एक पाइप फुटला तर चारी चाकं गेली. म्हणून आधी टँडम मास्टर, पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं. टँडमचा खड्डा वेगळा असणार, म्हणजे हाच कापलेला रॉड आखूड पडू शकतो, आणि पडला तर पॅडल खोल जाईल. तेव्हा आटे आणि लॉकनट असलेला नवा रॉड करून घेणं बरं. मामांना आत्ताच विचारलं, ते म्हणाले उद्या सकाळी दहाला लेथवर ये, येताना टँडम बरोबर आण. आईला चपातीच्या कणकेचं सांगून ठेवलंय.