पॅकिंगच्या टेबलापाशी: जॉब कोच म्हणून माझा अनुभव

नाशिकच्या एका विशेष शाळेत मी बौद्धिक अक्षम विद्यार्थ्यांना शिकवते. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की हे विद्यार्थी वर्गातून कार्यशाळेत येतात आणि कागदी पिशव्या, फायली, दिवाळीच्या पणत्या, उटण्याची पाकिटे अशी कामे वर्षानुवर्षे करत राहतात. त्यांतील काहींना बाहेरच्या आस्थापनेत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण मिळावे असे संस्थेने ठरवले, तेव्हा त्यांच्यासोबत कारखान्यात जाऊन काम शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. या भूमिकेला आपल्याकडेही आता जॉब कोच असेच म्हणतात.

आमच्या कार्यशाळेची जुनी रीत अशी होती की, विद्यार्थी आधी पूर्ण तयार व्हावा आणि मग त्याला बाहेर पाठवावे. अडचण ही की, तो तयार झाला असे म्हणण्याचा दिवस कधी उजाडतच नसे. अमेरिकेत १९७० च्या दशकात मार्क गोल्ड यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना सायकलचे ब्रेक जोडायला शिकवून दाखवले, आणि पुढे आधी कामावर नेमायचे व तेथेच आधार देऊन शिकवायचे या पद्धतीला १९८६ मध्ये तेथील पुनर्वसन कायद्यात स्थान मिळाले. आम्ही जे करू पाहत होतो ते याच धर्तीचे होते. फक्त आमच्या हाताशी असा कायदा नव्हता, ओळखीपाळखीवर मिळवलेला एक कारखानदार होता.

अंबड औद्योगिक वसाहतीतील हा छोटा कारखाना विजेच्या जोडणीसाठी लागणारे प्लॅस्टिकचे डबे बनवतो. मालक सज्जन गृहस्थ होते, पण तेथे पाठवायच्या आमच्या पहिल्या विद्यार्थ्याचे, सागरचे (हे त्याचे खरे नाव नव्हे) दिव्यांगत्व प्रमाणपत्र पाहिल्यावर ते थबकले. ‘‘मॅडम, पंच्याहत्तर टक्के म्हणजे उरले किती? पंचवीस टक्क्यांत काम कसं निघणार?’’ हा प्रश्न मला नंतरही अनेकदा ऐकायला मिळाला. मध्यम स्वरूपाच्या बौद्धिक अक्षमतेला प्रमाणपत्रावर ७५ टक्के लिहिले जाते. शासकीय लाभांसाठी ठरवलेली ती मोजणी आहे, हाताने काय जमते याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील कलमे मी सोबत नेली होती, परंतु ती पिशवीतच राहिली. खाजगी आस्थापनेनेही समान संधीचे धोरण जाहीर करावे असे त्या कायद्याचे कलम २१ सांगते; पण दारात पाऊल ठेवतानाच कायदा दाखवणाऱ्या बाईला चहा मिळतो, काम मिळत नाही. त्याऐवजी मी मालकांकडे एवढीच परवानगी मागितली की, पॅकिंग विभागात मला स्वतःला काही दिवस काम करू द्यावे.

या पायरीला कामाचे विश्लेषण म्हणतात आणि ती टाळण्याचा मोह अनेकांना होतो. त्या टेबलावर प्रत्येक डब्यासोबत द्यायचे एक छोटे पाऊच भरले जात असे: चार स्क्रू, चार गिट्ट्या (भिंतीत स्क्रू पकडून ठेवणारे प्लॅस्टिकचे छोटे तुकडे) आणि दोन वॉशर. पाऊच पायाने चालवायच्या सीलिंग मशीनवर बंद करायचे आणि क्रेटमध्ये टाकायचे. पाहताना हे तीन टप्प्यांचे काम वाटते. स्वतः करू लागले तेव्हा लिहिता लिहिता एक पान भरले, कारण वॉशर एकमेकांना चिकटून दोनाचे तीन होतात, पाऊचचे तोंड एका हाताने उघडे धरावे लागते, आणि मशीनवर पाय किती वेळ दाबून ठेवायचा हे तेथील बायकांना सवयीने कळते, कोणी कोणाला सांगत नाही. त्याच दिवसांत मला आणखी एक गोष्ट समजली की, विभागातला गोंगाट सारखाच चालू असतो आणि तो सागरला चालण्यासारखा आहे. आमच्याच दुसऱ्या एका विद्यार्थिनीला तो मुळीच सोसला नसता, म्हणून तिचे नाव मी त्या जागेसाठी पुढे केले नाही.

सागरला दहापर्यंत आकडे म्हणता येतात, परंतु वस्तू मोजताना तो गोंधळतो. शाळेत या मोजणीवर आम्ही बराच काळ घालवला होता. कारखान्यात मी सुताराकडून एक फळी करून घेतली. तिच्यात चार लांबट खाचा, चार गोल खळगे आणि दोन उथळ चकत्या कोरलेल्या होत्या. खाचेत स्क्रू, गोल खळग्यात गिट्टी, उथळ जागी वॉशर. सगळ्या जागा भरल्या की फळी उचलून नरसाळ्यातून पाऊचमध्ये रिकामी करायची. वॉशरची जागा मुद्दाम एवढी उथळ ठेवली होती की, दोन चिकटलेले वॉशर ठेवले तर वरचा कडेबाहेर डोकावे आणि बोटाला लागे. पहिल्याच आठवड्यात मोजणीचा प्रश्न संपला. पुढे तेथील दोन बायकांनी स्वतःसाठीही तशा फळ्या मागून घेतल्या, कारण दुपारनंतर थकल्यावर त्यांच्याही पाऊचमध्ये एखादी गिट्टी कमी पडत असे.

शिकवण्याची पद्धत मला ठाऊक होती: आवश्यक तेवढीच मदत द्यायची आणि ती हळूहळू कमी करत न्यायची. हात धरून दाखवणे, खूण करणे, बोलून सांगणे या मदतीच्या पायऱ्या प्रशिक्षणात शिकवल्या जातात, आणि बोलून सांगणे ही सर्वांत हलकी मदत समजली जाते. अनुभवाने माझे मत उलटे झाले आहे. धरलेला हात सोडता येतो, खूणही बंद करता येते. पण ‘आता सील कर, आता क्रेटमध्ये टाक’ असे बोलणे एकदा अंगवळणी पडले की, विद्यार्थी ते वाक्य ऐकू येईपर्यंत थांबून राहतो आणि शिक्षकाचे तोंडही काही केल्या थांबत नाही. म्हणून मी सागरच्या शेजारी न बसता थोडी मागे उभी राहू लागले आणि सूचनेऐवजी मशीनपाशी पायऱ्यांची चित्रे चिकटवली.

तरीही खरी अडचण वेगळीच निघाली. विभागातील बायका सागरशी काही बोलायचे असेल तर माझ्याशी बोलत. ‘‘मॅडम, त्याला सांगा ना, क्रेट इकडं सरकव म्हणून.’’ सागर हातभर अंतरावर उभा असे. सुपरवायझरही हजेरीपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे मलाच विचारत. मी तेथे असणे हेच सागर त्यांचा सहकारी न होण्याचे एक कारण झाले होते, कारण जोवर मॅडम आहेत तोवर या मुलाशी कसे वागावे हे कोणाला शिकण्याची गरज पडत नव्हती. मग प्रत्येक वेळी मी ‘‘त्यालाच सांगा, मावशी’’ एवढेच म्हणू लागले आणि हळूहळू टेबलापासून दूर, आधी विभागाच्या टोकाला आणि नंतर स्टोअरच्या दाराशी बसू लागले. कमलमावशींनी (हेही बदललेले नाव) त्यांचा स्वतःचा मार्ग काढला. सागरची तंद्री लागली की त्या काही न बोलता टेबलावर बोटाने दोनदा वाजवत, आणि तो पुढचा स्क्रू उचले. ही युक्ती मला सुचली नव्हती आणि कोणत्याही पुस्तकात मी ती वाचली नव्हती.

मायेचा त्रासही कमी नव्हता. दुपारी सागर रेंगाळला की त्याच मावशी ‘‘राहू दे रे बाळा’’ म्हणून त्याची पाऊच स्वतः भरत, आणि तो बावीस वर्षांचा बाळ खुशीत बसून राही. उलट दोन तरुण कामगार त्याच्याकडून गमतीने वाह्यात शब्द वदवून घेत. पहिल्या गोष्टीसाठी मी मावशींशी चहाच्या वेळी निवांत बोलले. दुसरीसाठी सुपरवायझरकडे गेले आणि ती त्यांनी त्याच दिवशी मिटवली. बसचा प्रवास मात्र मला वाटले होते त्यापेक्षा सहज जमला, कारण सिटीलिंकची बस कोठून पकडायची आणि कोठे उतरायचे हे त्याच्या वडिलांनी माझ्याआधीच शिकवायला घेतले होते.

प्रशिक्षणाचा काळ संपून मालकांनी त्याला नियमित वेतनावर घेतले, तेव्हा कागदपत्रांचा भाग सुरू झाला. बँकेने खाते उघडण्यासाठी पालकत्वाचे, म्हणजे सागरसाठी कायदेशीर पालक नेमल्याचे, प्रमाणपत्र मागितले. असे प्रमाणपत्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती देते. आईवडील ते घ्यायला लगेच तयार झाले. मी त्यांना थोडे थांबायला सांगितले. २०१६ च्या कायद्याचे कलम १३ दिव्यांग व्यक्तीला स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क देते, आणि सागरला सही करता येते, नोटा ओळखता येतात. कायदेशीर पालक नेमणे हा निर्णय केवळ एका खात्याच्या सोयीसाठी घेऊ नये, असे माझे मत आहे. अखेर दुसऱ्या शाखेत, वडिलांसोबत संयुक्त खाते उघडून हे काम झाले. या वेळी कायद्याची प्रत पिशवीतून बाहेर आली आणि तिचा उपयोगही झाला.

आता मी महिन्यातून एकदा, दुपारच्या कंटाळवाण्या वेळी, अर्धा तास तेथे जाते. मध्यंतरी सुपरवायझर बदलले. नव्या गृहस्थांनी टेबल आवरताना फळी ‘जुने सामान’ म्हणून स्टोअरमध्ये टाकली आणि सागर पुन्हा बोटांवर मोजू लागला. कमलमावशींनी ती शोधून आणली. तेव्हापासून मी एक पानभर टिपण मराठीत लिहून, मालकांची सही घेऊन, सागरच्या नेमणुकीच्या कागदांना जोडले आहे. फळी कशासाठी आहे, नवे काम द्यायचे झाल्यास ते सांगण्याऐवजी करून कसे दाखवावे, पाळी बदलायची असेल तर आदल्या दिवशी घरी का कळवावे, आणि काही बोलायचे असेल तर ते थेट त्याच्याशी बोलावे, एवढेच त्यात आहे. पुढच्या विद्यार्थिनीला एका हॉटेलच्या लाँड्रीत पाठवण्याचे चालले आहे. तिच्यासाठी हे टिपण मी पहिल्याच आठवड्यापासून लिहायला घेणार आहे, आणि ते लिहिताना तेथील कर्मचाऱ्यांना सोबत बसवणार आहे.