चार-चार बरोबरी आणि एक ढाक

जिल्हा निवड चाचणीत ७४ किलो फ्रीस्टाइलची ती कुस्ती ४-४ अशी सुटली, आणि मॅट चेअरमन, म्हणजे त्या मॅटवरच्या पंचांचा प्रमुख, म्हणून मी लाल पोशाखातल्या मुलाला विजयी दिलं. निळ्याचे वस्ताद गुणपत्रिका हातात घेऊन टेबलापाशी आले. शेवटचा गुण आमचा, ताकीद त्याला, मग तो कसा जिंकला? प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी कुस्ती पहिल्यापासून सांगावी लागेल.

लाल मुलगा सिन्नरकडच्या तालमीतला, मातीत वाढलेला. निळा नाशिक शहरात गादीवर, म्हणजे मॅटवर, तयार झालेला. सकाळी वजन, नखं आणि त्वचेची तपासणी झाली. मॅट आम्ही आदल्या संध्याकाळीच अंथरली होती : दोन मीटर बाय एक मीटरचे ७२ तुकडे, म्हणजे बारा बाय बारा मीटर. वरच्या कव्हरचे पट्टे चारही बाजूंनी सारखे ताणावे लागतात. एक बाजू सैल राहिली की तुकड्यांमध्ये फट पडते, त्यात बुटाचं टोक अडकतं आणि घोटा जातो. त्यानंतर जंतुनाशकाने पुसणं. हे काम कुणाला नको असतं, पण गजकर्ण एकाच दिवसात दहा पोरांना लागू शकतं.

पहिल्या तीन मिनिटांत निळ्याने सरळ हिशोब मांडला. लालला रेटत नऊ मीटरच्या वर्तुळाबाहेर काढलं, एक गुण. मातीत कडेला गेलं की पंच पुन्हा मध्यभागी आणतात, नुकसान काही होत नाही. त्यामुळे मातीतल्या पोराच्या पायाला कडेची जाणीवच नसते. मग दुहेरी पट, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडणं, दोन गुण. लाल पोटावर पडला आणि निळ्याने त्याला उलटवायला भारंदाज मारायचा प्रयत्न केला, पण तो तसूभर हलला नाही. तासन्‌तास खाली कस काढलेलं अंग असं फिरत नाही. मात्र मॅटवर नुसतं घट्ट पडून राहण्याला एकही गुण नाही. हालचाल थांबली की रेफरी दोघांना उभं करतो.

याच कुस्तीत लालने निळ्याचा पोशाख मुठीत धरला. मातीत जांग्याला धरणं चालतं, घिस्सा हा डाव तर त्यावरच उभा आहे. इथे तो फाउल. पहिल्यांदा तोंडी समज मिळाली.

मध्यंतराचे तीस सेकंद झाले. दुसऱ्या भागात निळा पुन्हा पट घ्यायला खाली आला, तेव्हा लालने त्याचा उजवा दंड वरून लपेटला, कंबर पूर्ण आत घातली आणि ढाक मारली, म्हणजे त्याला कमरेवरून फेकलं. मॅटवर ही ढाक सहसा दोन ठिकाणी फसते. अंगाला माती नसल्यामुळे घामाने दंड निसटतो, म्हणून पकड कोपराच्या वर, थेट काखेपाशी हवी. आणि बुटाचा रबरी तळवा गादीला चिकटतो. अनवाणी पाय मातीत घासत फिरतो, तसा तो फिरत नाही. पाऊल उचलून टाकावं लागतं, नाहीतर गुडघा पिळवटतो. कंबर अर्धीच गेली तर समोरचा थेट पाठीवर येतो, आणि दोन गुण त्याला. या पोराने पाऊल उचललं. उभ्यातून थेट पाठीवर, चार गुण. निळ्याने मानेवर अंगाची कमान करून, म्हणजे पूल बांधून, एक खांदा वर ठेवला म्हणून चितपट टळली.

आता ३-४. उरलेल्या वेळात लालने पुन्हा पोशाख धरला. रेफरीने ताकीद मागितली, मी संमती दिली, निळ्याला एक गुण. चार-चार.

बरोबरीत आधी पाहायचं ते कुणाचा डाव मोठा. तेही सारखं असेल तर ताकिदी कुणाच्या कमी, आणि तरीही सुटलं नाही तर शेवटचा तांत्रिक गुण कुणाचा. निळ्याच्या बाजूला दुसरा आणि तिसरा निकष होता, पण पहिल्याच निकषावर निकाल लागला. त्याचे गुण एक, दोन, एक; समोर एकच चारचा डाव. वस्तादांनी पत्रिका परत दिली. पटलं असावं, चेहरा काही उतरला नव्हता असं नाही.

मोठ्या डावाला असं वजन नसतं, तर ढाक शिकवायला वस्ताद वेळ घालवणार नाहीत. धोका मोठा, आणि पटाचे दोन गुण हमखास. नियम जे मोजतात तेच तालमीत घोटलं जातं, बाकीचं विसरतं. ज्यूदोत हे डोळ्यांसमोर घडलं. पाय धरण्यावर २०१० साली मर्यादा आली, २०१३ साली पूर्ण बंदी, आणि आपल्या दुहेरी पटासारखा मोरोते-गारी सरावातूनच मागे पडला. म्हणजे स्पर्धा कला टिकवते हे खरं, पण टिकवायचं काय ते नियमावली ठरवते. उलट शिवजयंतीच्या मिरवणुकीतला दांडपट्टा पाहा. हात देखणा फिरतो, पण समोर अडवणारा कुणी नाही, त्यामुळे वार चुकला हे फिरवणाऱ्यालाही कळत नाही. जत्रेतल्या नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरलेल्या, कुस्तीची गत तीच.

महाराष्ट्र केसरीने माती आणि गादी दोन्ही विभाग ठेवले आणि विजेत्यांना अंतिम लढतीत समोरासमोर आणलं, हे मला शहाणपणाचं वाटतं. २०२० मध्ये नाशिककडून खेळणारा हर्षवर्धन सदगीर गादीतून आला आणि मातीतून आलेल्या लातूरच्या शैलेश शेळकेला ३-२ ने हरवून त्याने गदा घेतली.

सिन्नरच्या वस्तादांना संध्याकाळी दोन गोष्टी सांगितल्या. तालमीतल्या मातीच्या हौद्यात नऊ मीटरचं वर्तुळ चुन्याने आखा आणि बाहेर गेलेल्याला प्रत्येक वेळी बैठका लावा. आणि आठवड्यातले दोन दिवस जांग्याला हात लावायचा नाही. ढाकेबद्दल काही सांगायची गरज नव्हती.