'अजून क्वालिसच?' : तुम्ही विचारलेत म्हणून

हप्त्यावर नवी गाडी सहज मिळत असताना 2004 सालची क्वालिस अजून का चालवतोस, हा प्रश्न मला लग्नकार्यात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्येही विचारला जातो. 'परवडत नाही' म्हटले की विचारणाऱ्याचे समाधान होते. मात्र ते उत्तर अर्धेच खरे आहे.

2016 मध्ये ती घेतली तेव्हा माझा युक्तिवाद सरळ होता. घरात सहा माणसे, सर्वांना सामावून घेणारी नवी गाडी आवाक्याबाहेर, आणि टर्बो नसलेले साधे 2.4 लिटरचे डिझेल इंजिन कोपऱ्यावरच्या मेस्त्रीलाही उघडता येण्याजोगे. आज तेच मुद्दे माझ्यासमोर कोणी मांडले, तर मी त्याला आरटीओच्या पावत्या दाखवीन. पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा, 2019 मध्ये, पुनर्नोंदणीचे शुल्क 600 रुपये होते. एप्रिल 2022 पासून ते 5,000 झाले, 2024 मध्ये मी तेवढे भरले, आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते 10,000 करण्यात आले. पर्यावरण कर वेगळाच.

पण तुमच्या प्रश्नामागे पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटातला प्रसंग असतो, हे मला ठाऊक आहे. एप्रिलमधल्या एका सकाळी कराडहून वडिलांचे थोरले भाऊ गेल्याचा फोन आला आणि आम्ही तासाभरात पुण्याहून निघालो. तेव्हा साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांना बोगदा होता, जाणाऱ्यांना मात्र घाट चढावाच लागे. मालट्रकच्या रांगेमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढत असताना तापमानाचा काटा वर सरकला आणि गाडी कडेला घेईपर्यंत बॉनेटखालून वाफ येऊ लागली. रेडिएटरचा वरचा होजपाइप क्लिपेजवळ फाटला होता. तो पाइप महिनाभरापूर्वीच मेस्त्रीने दाबून पाहून 'अजून चालेल' म्हटले होते. रबर आतून कुजले तर बाहेरून कळत नाही, त्यामुळे मी त्यालाही दोष देत नाही. इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडता येत नव्हते. वडील कठड्याशेजारच्या दगडावर बसून दर थोड्या वेळाने घड्याळ पाहत होते आणि तिकडून 'कुठवर आलात?' असे फोन येत होते. शेवटी एका ट्रकच्या क्लीनरने फाटलेले टोक पात्याने कापले, उरलेला पाइप ओढून पुन्हा बसवला, क्लिप आवळली, आणि आम्ही बाटल्यांमधले पाणी ओतून निघालो. उन्हाळ्याचे दिवस असल्याने तिकडच्यांना थांबणे शक्य नव्हते. आम्ही पोचलो तेव्हा लोक स्मशानातून परतत होते.

वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेराव्याला ते एसटीने गेले. गाडी दुरुस्त होऊन दारात उभी होती.

तरीही मी ती विकली नाही, आणि याला तुम्ही हट्ट म्हणता. नव्या गाडीचाही टायर फुटतो, हे माझे ठरलेले उत्तर मला स्वतःलाच फारसे पटत नाही. त्या महिन्यात मी सगळे होजपाइप, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट बदलून घेतले. घाटात ती आता तापत नाही. शिवाय वडिलांचे गुडघे आखडलेले आहेत, आणि माझ्या ऐपतीतल्या नव्या गाड्यांच्या बैठका इतक्या खाली आहेत की शोरूममध्ये त्यांना हात धरून बाहेर काढावे लागले. क्वालिसमध्ये ते आपले आपण चढतात, निदान दवाखान्यात जाताना तरी. कराडला मात्र ते अजूनही एसटीनेच जातात.

एका मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि तो माझी बायकोच मांडते: या गाडीत एअरबॅग नाही. लांबच्या प्रवासाला ती मुलीला गाडीत बसू देत नाही. त्या दोघी रेल्वेने येतात आणि मी सामान घेऊन मागून जातो. सहा माणसांसाठी घेतलेली गाडी मग रिकामीच धावते, हे कोणी दाखवून देण्याची गरज नाही. गेल्या दिवाळीत मी विक्रीसाठी फोटो काढले, एका दलालाने किंमतही सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी मी तिचा विमा भरला.