सोसायटीतलं वायफाय आणि हवेतला वेळ

इमारतीत घरागणिक राउटर आला की २.४ गिगाहर्ट्झवरचं वायफाय रखडायला लागतं, आणि बरेच जण इंटरनेटचा प्लॅन वाढवून घेतात. त्याने फरक पडत नाही. एका चॅनेलवर, म्हणजे वायफायच्या पट्ट्यातल्या एका ठराविक जागेवर, एका वेळी एकालाच बोलता येतं, आणि तो वेळच वाया जात असतो.

कुठे जातो? प्रत्येक राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी आपलं नाव जाहीर करणारा छोटा संदेश, म्हणजे बीकन, सोडतो. ८०२.११बी (थोडक्यात 'बी') ही वायफायची जुनी पद्धत वापरणाऱ्या उपकरणांना कळावा म्हणून तो बहुधा १ एमबीपीएसने जातो. ३०० बाइटच्या बीकनला २.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे चॅनेलचा अडीच टक्के वेळ. एका चॅनेलवर अशी दहा नावं असली तर कोणी काही डाउनलोड करण्याआधीच पाव वेळ संपला! तोच बीकन ६ एमबीपीएसने ०.४ मिलिसेकंदात आटोपतो. म्हणून वायरलेस सेटिंगमध्ये मोड 'बी/जी/एन' असेल तर 'जी/एन' करा ('जी' आणि 'एन' या 'बी'नंतरच्या पद्धती). काही राउटरवर बेसिक रेट, म्हणजे बीकन ज्या वेगाने जातो तो, वेगळा बदलावा लागतो. फक्त 'बी' जाणणारा एखादा जुना प्रिंटर घरात नाही ना, हे आधी बघा. गेस्ट नेटवर्क लागत नसेल तर बंद करा, त्याचा बीकन वेगळा जातो.

चॅनेल १, ६ किंवा ११ च. मोकळा दिसतो म्हणून ३ घेतला की दोन्हीकडचं नुकसान होतं. चॅनेल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, सिग्नल मात्र २० मेगाहर्ट्झ रुंद. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांच्या फ्रेमची (हवेतून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याची) सुरुवात ओळखतात आणि सिग्नल −८२ डीबीएमइतका (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) क्षीण असला तरी थांबतात. ३ वरच्या राउटरला ६ वरची फ्रेम वाचताच येत नाही. नुसती ऊर्जा −६२ डीबीएमच्या वर गेली तरच तो थांबतो. त्याखाली दोघं एकदम बोलतात, पॅकेट बिघडतात, पुन्हा पाठवावी लागतात.

चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा निम्मा भाग तुम्ही एकट्यानेच अडवता.

कोपऱ्यातल्या खोलीतला फोन १ एमबीपीएसवर घसरला तर १५०० बाइटला १२ मिलिसेकंद खातो. ६५ एमबीपीएसवर तेच काम ०.२ मिलिसेकंदात होतं. त्यामुळे राउटर घराच्या मध्यावर हवा आणि टीव्ही वायफायऐवजी नेटवर्क केबलने राउटरला जोडलेला.

उरलेली उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर न्या, दाटीत ८० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ रुंदी घ्या. चॅनेल ५२ ते १४४ निवडलात तर राउटर आधी निदान मिनिटभर रडारचा कानोसा घेतो. तोवर नेटवर्क दिसत नाही. बिघडलं समजून रीस्टार्ट केलंत तर ते मिनिट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.